दिसले, पण लक्षात आले नाही

वाचकाचे पत्र, थोडक्यात: ४६ वर्षांच्या एका भगिनी आपल्या ७५ वर्षांच्या वडिलांसोबत राहतात. नोकरी, घर आणि मुलाचे शिक्षण यांत त्यांचा दिवस भरलेला असतो, तरीही वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, त्यांचे चालणे, झोप आणि पायांवरची सूज यांकडे त्यांचे बारीक लक्ष असते. दुसऱ्या गावी राहणारे त्यांचे मोठे भाऊ सहा महिन्यांनी दोन दिवसांसाठी आले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी विचारले, "बाबांना नीट ऐकू येत नाही, हे तुझ्या लक्षात कसं आलं नाही?" तपासणीत दोन्ही कानांनी बरेच कमी ऐकू येत असल्याचे निघाले, आणि हे गेली दोनेक वर्षे हळूहळू होत आले असावे, असे डॉक्टरांनी सांगितले. आता मागे वळून पाहिल्यावर त्यांना सारे आठवते. बाबा बोलणाऱ्याच्या ओठांकडे पाहत, विचारलेल्या प्रश्नावर नुसती मान डोलावत आणि चार माणसे जमली की उठून खोलीत जात. हा वयामुळे आलेला अबोलपणा असावा किंवा बाबा आपल्यावर नाराज असावेत, असा त्यांनी तेव्हा अर्थ लावला होता. त्यांना सर्वांत लागले ते बाबांचे एक वाक्य: "मला वाटलं, तुला कळलंय." कानाचे मशीन आता आले आहे, पण त्या दिवसापासून त्या बाबांची प्रत्येक हालचाल टिपत असतात, देहबोलीवरचे व्हिडिओ पाहतात, आणि बाबा मात्र हल्ली खोलीचे दार लावून घेऊ लागले आहेत. त्या विचारतात, "माझे लक्ष इतके कसे उडाले? देहबोली वाचायला शिकवणारा वर्ग लावू का? की दादा म्हणतो तसे बाबांना त्याच्याकडे पाठवू?"

ताई,

तुमच्या पत्रात 'दुर्लक्ष' हा शब्द सहा वेळा आला आहे आणि सहाही वेळा तो तुम्ही स्वतःसाठीच वापरला आहे. मला तो मान्य नाही. आपल्या भाषेत 'कानाडोळा करणे' असा एक नेमका वाक्प्रचार आहे: ऐकू येत असताना न ऐकणे, दिसत असताना न पाहणे. तुम्ही तसे काहीच केलेले नाही. डोळ्यांसमोर असलेली गोष्ट लक्षात न येणे हा वेगळा प्रकार आहे, आणि तो का घडतो हे समजून घेतल्याशिवाय तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळणार नाहीत.

डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री या मानसशास्त्रज्ञांचा १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग तुमच्या वाचनात कदाचित आला असेल. त्यांनी लोकांना एक छोटी चित्रफीत दाखवली. तीत पांढरे आणि काळे सदरे घातलेले दोन गट आपापसांत चेंडू फेकत होते, आणि एका गटाने चेंडू किती वेळा फेकला ते मोजायचे, एवढेच काम प्रेक्षकांना दिलेले होते. चित्रफितीच्या मध्यावर गोरिलाचा वेश केलेली एक व्यक्ती खेळाडूंच्या मधून सरळ चालत गेली. मोजण्यात गुंतलेल्या प्रेक्षकांपैकी जवळपास निम्म्यांना ती दिसलीच नाही, आणि चित्रफीत पुन्हा दाखवल्यावर अनेकांना स्वतःवरच विश्वास बसेना. यावर कोणी म्हणेल की ते साधे प्रेक्षक होते, सराव असलेल्या माणसाचे असे होणार नाही. म्हणून २०१३ मधला दुसरा प्रयोग सांगतो. त्यात २४ रेडिओलॉजिस्टना फुप्फुसांच्या सीटी स्कॅनमधल्या बारीक गाठी शोधायला सांगितले होते आणि शेवटच्या स्कॅनमध्ये नेहमीच्या गाठीच्या सुमारे ४८ पट मोठे गोरिलाचे चित्र घातले होते. २४ पैकी २० जणांना ते दिसले नाही. त्यांची नजर कोठे फिरली याचीही नोंद ठेवलेली होती आणि न दिसलेल्यांपैकी बहुतेकांनी थेट त्या चित्रावर नजर टाकली होती, असे त्या नोंदीतून कळले. नजर जाते आणि लक्ष जात नाही, असे निष्णात माणसाच्या बाबतीत, त्याच्या रोजच्या कामातही घडते.

आता तुमचे दिवस आठवून पाहा. तुम्हीही मोजत होता: सकाळची गोळी घेतली का, रात्री कितीदा उठले, पायांवरची सूज कालपेक्षा जास्त आहे का. ही मोजणी खरी होती, आवश्यक होती आणि तुम्ही ती चोख केली. बाबांची नजर तुमच्या ओठांवर खिळलेली असायची तेव्हा तुमची नजर गोळ्यांच्या डबीवर असायची. अष्टावधानी माणसाचे आपण कौतुक करतो खरे, पण अवधान आठ ठिकाणी सारखे वाटता येत नाही. ते एकीकडून काढून दुसरीकडे न्यावे लागते आणि ज्या क्षणी ते एकीकडे असते त्या क्षणी बाकीचे सारे धूसर असते. आपल्या डोळ्यांचेही तसेच आहे. हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढा, फार तर त्याच्या दुप्पट भागच आपल्याला एका वेळी स्वच्छ दिसतो. उरलेले दृश्य मेंदू अंदाजाने आणि आठवणीने भरून काढतो, आणि ते इतक्या बेमालूमपणे भरतो की आपल्याला सगळे दिसत आहे असेच वाटत राहते.

राहिली दादांची गोष्ट. त्यांना दीड दिवसात जे दिसले ते तुम्हाला दोन वर्षांत दिसले नाही, ही तुलना तुम्हाला छळते आहे आणि माझ्या मते ती मुळातच चुकीची आहे. दादांच्या मनात बाबांचे सहा महिन्यांपूर्वीचे चित्र होते, समोर आजचे बाबा होते, आणि दोन्हींमधली दरी एकदम उघडी पडली. तुमच्या मनातले बाबांचे चित्र मात्र रोज थोडे थोडे बदलत होते. चित्रातला एखादा भाग अगदी सावकाश बदलत नेला तर पाहणाऱ्यांपैकी अनेकांना बदल झाल्याचेही कळत नाही, हे सायमन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे २००० मध्ये दाखवून दिले, आणि त्या चित्रातला बदल काही सेकंदांत पुरा होणारा होता. तुमच्या बाबतीत त्याला दोन वर्षे लागली. रोज सोबत राहणाऱ्या आईबापांना मुलाची वाढलेली उंची दिसत नाही आणि वर्षाने आलेला पाहुणा दारातच "केवढा झालास!" म्हणतो, तेव्हा पाहुण्याचे प्रेम अधिक आहे, असे कोणी समजत नाही.

हे सारे सांगूनही तुमच्या मनात एक गृहीत शिल्लक राहील, आणि मला त्याबद्दल अधिक बोलायचे आहे. ते असे: शरीर स्पष्ट बोलत असते, फक्त वाचणारा तयार हवा. व्हिडिओंचा सारा व्यापार याच गृहीतावर चालतो. संवादाचा ९३ टक्के भाग शब्दांविना होतो, हे वाक्य तुम्ही पत्रातही लिहिले आहे. त्याचे मूळ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधल्या दोन प्रयोगांत आहे. त्यांत सुटे शब्द, आवाजाचा सूर आणि चेहऱ्याची छायाचित्रे वापरून, बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही याचा अंदाज लोक कशावरून करतात, एवढेच तपासले होते. भावना आणि आवडनिवड यांपलीकडे ही टक्केवारी लागू होत नाही, असे मेहराबियन यांनी स्वतःच नंतर स्पष्ट केले. चेहऱ्यावरून मन ओळखण्याचा आपला आत्मविश्वास किती फसवा असतो याचा आणखी एक पुरावा चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी २००६ मध्ये मांडला. खरे-खोटे ओळखण्याच्या शेकडो चाचण्यांचे निकाल एकत्र केल्यावर माणसांचे अंदाज सरासरी ५४ टक्के बरोबर आले, आणि नाणे उडवून ठरवले असते तरी ५० टक्के बरोबर आले असते. या सदराकडे येणाऱ्या पत्रांत "त्याच्या चेहऱ्यावरूनच कळतं" हे वाक्य मी वारंवार वाचतो, आणि पुष्कळदा तेच पत्र पुढे काय कळले नाही याची हकीकत सांगत असते.

बाबांच्या मान डोलावण्याचेच पाहू. तुम्ही लिहिता, "मी विचारायचे, उद्या बँकेत जायचं ना? ते मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी तयारच नसायचे. मला वाटायचं, मुद्दाम करतात." ताई, ती मान होकाराची नव्हती. वयाबरोबर जाणारे ऐकणे बहुधा वरच्या पट्टीच्या आवाजांपासून जाऊ लागते. स, श, फ, ट अशी व्यंजने पुसट होतात आणि स्वर मात्र ऐकू येत राहतात. त्यामुळे माणसाला 'कोणी तरी बोलते आहे' हे कळते, काय बोलते आहे ते कळत नाही. वाक्याच्या शेवटी आवाज वर गेला, म्हणजे प्रश्न विचारला आहे, एवढे मात्र कळते. दर वेळी "काय म्हणालीस?" विचारण्याचा संकोच वाटणारा माणूस अशा वेळी मान डोलावतो, कारण दिवसभरातल्या बहुतेक प्रश्नांना तेवढे उत्तर खपून जाते. तीच मान होकाराची असते, 'ऐकतो आहे' याची असते, 'पुरे आता' याचीही असते आणि बाबांच्या बाबतीत ती 'मला ऐकू आले नाही, पण तुला ते कळू नये' याची होती. चार अर्थांची एकच हालचाल समोर असताना ती नुसती निरखून कोणता अर्थ खरा ते ठरवता आले नसते. तुम्ही जो अर्थ निवडला, म्हणजे नाराजीचा, तो बाबांच्या मानेतून आलेला नव्हता, तुमच्या मनात आधीपासून असलेल्या काळजीतून आला होता. मनकवडे होऊ पाहणाऱ्या प्रत्येकाची हीच अडचण होते: समोरच्याचे मन म्हणून तो पुष्कळदा स्वतःचेच मन वाचत असतो.

आणि आता ते वाक्य, "मला वाटलं, तुला कळलंय." ते तुम्ही आरोप म्हणून ऐकलेत. मी ते वेगळ्या अर्थाने वाचतो. आपल्या मनात जे चालले आहे ते बाहेर बऱ्यापैकी दिसत असणार, असे प्रत्येकाला वाटते आणि प्रत्यक्षात ते त्याहून पुष्कळ कमी दिसते. टॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये एका साध्या प्रयोगातून हे तपासले होते. लोकांना काही चांगली आणि काही अतिशय वाईट चवीची पेये चेहऱ्यावर काही न दाखवता प्यायला दिली. कोणते पेय वाईट होते हे किती जणांनी ओळखले असेल, असे विचारल्यावर पिणाऱ्यांनी जो आकडा सांगितला त्यापेक्षा प्रत्यक्षात ओळखणारे कमी निघाले. बाबा दोन वर्षे तसेच जगत होते. ते लपवतही होते आणि आपले लपवणे उघडे पडले आहे असेही समजत होते. तुम्ही विषय काढत नाही म्हणजे समजूतदारपणाने गप्प आहात, असे त्यांनी धरले असेल. म्हणजे तुम्ही त्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ लावत होता आणि ते तुमच्या गप्प राहण्याचा. घरातल्या दोन माणसांचे प्रेम होते म्हणूनच हे इतके दिवस चालले, असे मला तुमचे पत्र वाचताना वाटले.

तर मग वर्ग लावावा का? माझे उत्तर नाही असे आहे. हावभावांकडे पाहणे निरुपयोगी आहे, असे मी म्हणत नाही. एखाद्या माणसाच्या नेहमीच्या वागण्यात पडलेला फरक ही मोलाची खूण असते, मग तो रोज फिरायला जाणारा घरी बसू लागलेला असो किंवा फोनवर तासभर बोलणारा फोन टाळू लागलेला असो. पण ती खूण 'काही तरी बदलले आहे' एवढेच सांगते. काय बदलले आहे ते ती सांगत नाही, आणि वर्गात शिकवली जाणारी कोष्टके, म्हणजे हाताची घडी म्हणजे विरोध आणि नाकाला हात म्हणजे खोटेपणा, तिथेच घात करतात. ताल एयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये २५ प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दुसऱ्याच्या जागी स्वतःला कल्पून त्याचे मन ओळखण्याचा कसून प्रयत्न केला तरी अंदाजाची अचूकता वाढत नाही, आणि त्याला सरळ विचारले की वाढते, असे त्यांना आढळले. वाचायला हे फार साधे वाटते. घरात मात्र आपण नेमके हेच टाळतो, कारण न सांगता कळणे हेच आपल्याला मायेचे लक्षण वाटते आणि विचारावे लागणे हा मायेतला उणेपणा वाटतो.

बाबांनी दार का लावून घेतले असावे, याचा अंदाज मी करणार नाही, नाहीतर आत्ताच जे सांगितले ते मीच मोडले असे होईल. तुम्ही ते त्यांना विचारा. मात्र गेल्या महिन्यातले तुमचे वागणे तुमच्याच शब्दांत वाचताना मला एक चित्र दिसले: बाबा वर्तमानपत्राचे पान उलटत आहेत आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या दारातून त्यांची बोटे थरथरतात का ते पाहत आहात. कोणी सतत निरखते आहे, ही जाणीव माणसाला अवघडून टाकते. शिवाय असे पाहणे फार वेळ टिकतही नाही. नॉर्मन मॅकवर्थ यांनी १९४८ मध्ये रडारवर नजर ठेवणाऱ्यांच्या कामासारखी एक चाचणी घेतली होती. घड्याळासारख्या तबकडीवरच्या काट्याची क्वचित पडणारी दुप्पट उडी ओळखायची, एवढेच काम होते, आणि पहिल्या अर्ध्या तासातच चुकणाऱ्यांचे प्रमाण ठळकपणे वाढले. चोवीस तास पहारा द्यायचे तुम्ही ठरवलेत तरी तुमच्या मेंदूला ते जमण्याजोगे नाही, आणि दमलेल्या नजरेला भलतेच काही दिसू लागते.

त्याऐवजी काय करता येईल ते सांगतो. आधी बाबांना मोकळे करा. एखाद्या शांत वेळी, टीव्ही बंद असताना, उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडेल असे त्यांच्या समोर बसा, पाठमोऱ्या किंवा दुसऱ्या खोलीतून बोलू नका, आणि त्यांना सांगा, "बाबा, मला कळलं नव्हतं. चेहऱ्यावरून मला कळत नाही. यापुढे मी विचारीन आणि तुम्ही सांगा." ओरडून बोलू नका, कारण ओरडल्याने आवाज मोठा होतो, पण शब्द स्वच्छ होत नाहीत. नेहमीपेक्षा थोडे सावकाश बोलणे पुरते. एखादे वाक्य कळले नाही तर तेच पुन्हा म्हणण्याऐवजी वेगळ्या शब्दांत सांगून पाहा. ज्याचे उत्तर मान डोलावून देता येते असा प्रश्न शक्यतो विचारू नका. "उद्या बँकेत जायचं ना?" याऐवजी "उद्या बँकेत किती वाजता निघू या?" असे विचारलेत, तर ऐकू आले की नाही ते उत्तरातूनच कळेल, आणि परीक्षा घेतली जात आहे असेही त्यांना वाटणार नाही. कानाच्या मशीनची सवय व्हायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला भांड्यांचा, कागदाचा, पंख्याचा आवाजही त्रास देतो. ते काढून ठेवत असतील तर का काढतात तेही विचारा आणि मशीन बसवणाऱ्याकडे पुन्हा घेऊन जा, कारण आवाजाची पातळी बदलून देता येते.

पाहायचेच असेल तर थोडे पाहा आणि ठरवून पाहा. महिन्यातून एकदा पंधरा मिनिटे काढून एका वहीत लिहा: या महिन्यात त्यांनी काय करायचे सोडले, काय नव्याने सुरू केले, कोणाशी बोलले. लिहिताना पाहिलेली गोष्ट आणि तिचा तुम्ही लावलेला अर्थ वेगवेगळ्या ओळींवर असू द्या. "जेवताना एकदाही बोलले नाहीत" ही एक ओळ, आणि "रागावले असावेत?" ही दुसरी, प्रश्नचिन्हासकट. तीन महिन्यांपूर्वीचे पान उघडले की दादांना जी दृष्टी लांब राहिल्यामुळे मिळाली ती तुम्हाला वहीतून मिळेल. हा उपाय केवळ वृद्ध आईवडिलांसाठी नाही. वयात येणारे मूल, वर्षानुवर्षांचा जोडीदार, रोज शेजारी बसणारा सहकारी, ज्यांना आपण सतत पाहतो त्या सर्वांच्या बाबतीत हळू येणारा बदल असाच निसटतो. फक्त वही लपवून ठेवू नका. ती बाबांना दाखवा, आणि त्यांची इच्छा असेल तर एखादे पान त्यांनाच लिहू द्या.

मात्र जे बदल हळू येत नाहीत त्यांच्यासाठी वही नाही. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तोंड एका बाजूला वाकले, बोलणे अडखळू लागले, एका हातातले बळ गेले किंवा माणूस एकाएकी गोंधळल्यासारखा वागू लागला, तर अर्थ लावत बसू नका, विचारणाही नंतर करा आणि त्याच घडीला डॉक्टरांकडे न्या.

दादांकडे पाठवण्याबद्दल माझे मत असे आहे. दादांची नजर ताजी आहे ती ते लांब राहतात म्हणून. बाबा त्यांच्याकडे राहू लागले की सहा महिन्यांत तीही तुमच्यासारखीच सरावेल, आणि मग दुसऱ्या कोणाला तरी दोन दिवसांच्या भेटीत काही दिसेल. त्यापेक्षा दादांची ताजी नजर आहे तिथेच वापरा. दर दोन-तीन महिन्यांनी त्यांनी यावे आणि निघताना "या वेळी काय वेगळं दिसलं?" या प्रश्नाचे उत्तर तुम्हा दोघांना, बाबांसमोर, द्यावे. त्यांचा तो पहिला प्रश्न तुम्हाला टोचला हेही त्यांना सांगा. तुमच्या चेहऱ्यावरून त्यांना ते कळले असेल, असे धरून चालू नका.

तुमच्या चार पानांच्या पत्रात बाबांना कोठे राहायचे आहे, हे कोठेच आलेले नाही. तुम्ही दादांना विचारलेत, मला विचारलेत. आता दारावर टकटक करा, ती त्यांना ऐकू येईल एवढी मोठ्याने करा, आणि त्यांना विचारा.